रिचर्ड लीकॉक : कॅमेऱ्याला कान मिळवून देणारा माणूस

मार्कंडेयकाठ

गेल्या आषाढात, मंगाई देवीच्या यात्रेच्या आदल्या आठवड्यात, मी बेळगावातल्या वडगावला धाकट्या मामांच्या घरी राहून त्यांच्या मागांचे मोबाइलवर चित्रीकरण केले. ताणा कसा जोडतात, कांड्या कशा भरतात, फणीतून धागा कसा ओढून घेतात, काठाची नक्षी कशी उतरते, हे सगळे मी क्रमाने टिपले, त्यावर माझ्याच आवाजात शुद्ध मराठीतले निवेदन चढवले आणि बारा मिनिटांचा माहितीपट तयार केला. मामींनी तो शेवटपर्यंत शांतपणे पाहिला आणि मग विचारले, “सगळं बरोबर हाय की रे, पण ह्यात आमचं घर कुठं हाय?”

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी रिचर्ड लीकॉक यांच्यापर्यंत पोचलो. निरीक्षणात्मक माहितीपटाच्या पहिल्या पिढीतील या छायाचित्रकार-दिग्दर्शकाविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

लीकॉक यांचा जन्म १८ जुलै १९२१ रोजी लंडनमध्ये झाला, पण त्यांचे बालपण कॅनरी बेटांवर, वडिलांच्या केळीच्या मळ्यात गेले. शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉल या निवासी शाळेत पाठवण्यात आले. तिथे त्यांनी तुर्कस्तान-सैबेरिया रेल्वेमार्गावरचा ‘तुर्कसिब’ हा सोव्हिएत मूकपट पाहिला आणि आपल्यालाही आपले घर शाळासोबत्यांना असेच दाखवता येईल, असे त्यांना वाटले. १९३५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांनी ‘कॅनरी बनानाज’ हा छोटा मूकपट तयार केला. केळीची लागवड, पाणी, तोडणी, बांधणी, जहाजावर चढवणे, सगळे त्यात नीटनेटके होते. मात्र पुढे आयुष्यभर ते सांगत राहिले की, केळी कशी पिकवतात हे त्या चित्रपटातून कळते, पण त्या मळ्यात असणे म्हणजे काय, हे कळत नाही. हे वाचले तेव्हा मला मामींचा प्रश्न आठवला आणि बराच वेळ मी पुढचे पान उलटू शकलो नाही.

याच शाळेत रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या मुली शिकत होत्या आणि त्यामुळे लीकॉक यांची त्या थोर दिग्दर्शकाशी ओळख झाली. डेव्हिड लॅक हे पक्षिशास्त्रज्ञही तिथेच शिक्षक होते. १९३८-३९ मध्ये ते फिंच पक्ष्यांच्या अभ्यासासाठी गालापागोस बेटांवर गेले, तेव्हा कॅमेरा सांभाळायला त्यांच्यासोबत हा मुलगा होता. त्यानंतर लीकॉक हार्वर्डला गेले आणि त्यांनी भौतिकशास्त्र निवडले. चित्रपट करायचे तर त्यामागचे यंत्र आपल्याला आतून कळले पाहिजे, असा त्यांचा विचार होता आणि तो पुढे अक्षरशः उपयोगी पडला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी सैन्याचे छायाचित्रकार म्हणून ब्रह्मदेशात आणि चीनमध्ये काम केले.

युद्ध संपल्यावर फ्लाहर्टी यांनी त्यांना ‘लुईझियाना स्टोरी’साठी छायाचित्रकार म्हणून बोलावले. हा चित्रपट १९४८ मध्ये प्रदर्शित झाला. दलदलीच्या प्रदेशात राहणारा एक मुलगा आणि तिथे तेलविहीर खणायला आलेले लोक, असा त्याचा विषय होता. या कामात लीकॉक यांना एक गोष्ट तीव्रतेने जाणवली. आवाजाविना चित्रीकरण करायचे असेल तेव्हा हातातला हलका कॅमेरा घेऊन ते पाण्याच्या, झाडांच्या, मुलाच्या मागे हवे तसे फिरू शकत. पण ज्या क्षणी माणसांचे बोलणे ओठांच्या हालचालीशी जुळवून टिपायचे असे, त्या क्षणी अवजड कॅमेरा, तिकाटणे (ट्रायपॉड), ध्वनिमुद्रणाची यंत्रे आणि ती चालवणारी माणसे असा सारा लवाजमा पुढे येई, आणि ज्यांचे चित्रीकरण करायचे ती माणसे आपसूक अवघडून जात. मोकळेपण हवे असेल तर आवाज सोडावा लागे आणि आवाज हवा असेल तर मोकळेपण. पुढची जवळजवळ पंधरा वर्षे लीकॉक याच कोंडीशी झुंजत होते.

इथे थोडे तांत्रिक लिहितो, कारण या माणसाची थोरवी त्यातच आहे. चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) जातात, म्हणजे मिनिटाला १,४४० चौकटी होतात. आवाजाची चुंबकीय फीत वेगळ्या यंत्रावर फिरत असते, आणि तिच्या वेगात शंभरात एकाचा जरी फरक पडला तरी मिनिटभरात आवाज चौदा चौकटी पुढे किंवा मागे जातो. तेवढ्याने बोलणारा माणूस आणि त्याचा आवाज एकमेकांना परके होतात. म्हणून दोन्ही यंत्रे तारेने जोडत असत, आणि तार आली की कॅमेरा धरणारा व ध्वनिमुद्रण करणारा एकमेकांना दावणीला बांधल्यासारखे होत. ‘लाइफ’ मासिकातून आलेले पत्रकार रॉबर्ट ड्र्यू, लीकॉक, डी. ए. पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी कॅमेरा खांद्यावर पेलेल इतका हलका करून घेतला. मग बुलोव्हा कंपनीच्या अ‍ॅक्युट्रॉन घड्याळातला, सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) कालमापक म्हणून वापरून दोन्ही यंत्रे एकाच तालावर आणली. घड्याळातला तो चिमुकला काटा कामाला लागला आणि तार गळून पडली. पुढे त्याची जागा क्वार्ट्झ स्फटिकाने घेतली.

ड्र्यू यांच्या चमूचा ‘प्रायमरी’ हा १९६० चा चित्रपट या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा ठरला. घड्याळाची युक्ती त्यानंतरची, त्यामुळे त्यात जुळलेला आवाज थोडाच आहे, पण हलक्या कॅमेऱ्याने काय साधते ते तिथे प्रथम दिसले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, अध्यक्षपदाच्या निवडणुकीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी जॉन केनेडी आणि ह्युबर्ट हम्फ्री झगडत होते, आणि कॅमेरा दोघांच्याही मागे होता. गर्दीतून वाट काढणाऱ्या केनेडींच्या पाठोपाठ जाणारे ते प्रसिद्ध दृश्य अल्बर्ट मेझल्स यांनी टिपले. मला मात्र दोन लहान जागा अधिक मोलाच्या वाटतात. एका ठिकाणी दमलेले हम्फ्री मोटारीत डुलकी घेतात. दुसऱ्या ठिकाणी जॅकलिन केनेडी मंचावर भाषण करत असताना त्यांच्या पाठीमागे चाळवाचाळव करणारे हातमोज्यांतले हात दिसतात. निवडणुकीच्या बातमीत या दोन्ही गोष्टींना जागा मिळाली नसती.

लीकॉक यांनी स्वतःला घालून घेतलेली बंधने अशी होती : तिकाटणे नको, दिवे नकोत, मुलाखत नको, चमू दोघांचाच, आणि कोणालाही काहीही करायला किंवा पुन्हा करायला सांगायचे नाही. मी मामांना एकच धोटा तीनदा बदलायला लावला होता, हे इथे कबूल करतो.

याहूनही एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. गल्लीतले सगळे यंत्रमाग एकदम थांबले आणि त्या शांततेत शेजारच्या घरातले बोलणे, खालच्या अंगाला चाललेला पाण्याचा आवाज, मामांचा दीर्घ निःश्वास, सगळे ऐकू येऊ लागले. मामी दारात येऊन बसल्या, समोरच्या काकू आल्या, मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. आणि मी मोबाइल बंद करून ठेवला, कारण माझ्या लेखी काम थांबले होते.

---

खानापूरची_लेक

दादा, वीज गेल्याचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. आपण तांत्रिक भाग दिला ते उत्तम केले, कारण जुळलेल्या आवाजाचा प्रश्न आपल्या भागात केवळ यंत्राचा नाही, असे मला वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावी एका वाहिनीची माणसे आली होती. माझी आजी त्यांच्याशी भाताच्या रोपणीविषयी पाऊण तास बोलली. प्रत्यक्ष कार्यक्रमात तिचे हात हलताना दिसले, ओठ हलताना दिसले, आणि वरून निवेदकाचा गोड, प्रमाण आवाज तिचे म्हणणे समजावून सांगत राहिला. तिची बोली, मध्येच येणारा कन्नड शब्द, वाक्याच्या शेवटचा तिचा तो हेल, यातले काहीच उरले नाही. ती आता नाही. तिचा आवाज आमच्यापाशी कोणत्याही रूपात नाही.

सीमाभागातल्या माणसांच्या वतीने बोलणारे नेहमीच पुष्कळ होते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि या सगळ्या कागदांत आम्ही गावांची नावे आणि टक्केवारी म्हणून हजर आहोत. घरात आम्ही कसे बोलतो, रागावतो कोणत्या भाषेत आणि देवाला आळवतो कोणत्या भाषेत, हे ऐकायचे तर निवेदकाला गप्प बसवणारा लीकॉक यांच्यासारखा हट्टी माणूस लागतो.

---

निपाणीकर

लेख आवडला, परंतु एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे आणि तो सविस्तर मांडतो.

“कोणालाही काही करायला सांगायचे नाही” हे बंधन ऐकायला निर्मळ वाटते, पण कॅमेरा घरात आला की घर बदलतेच. जाँ रूश या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ-दिग्दर्शकाचे म्हणणे असे होते की, कॅमेऱ्यामुळे माणूस बदलतो हे मान्य करून त्या बदलाचाच उपयोग करावा, प्रश्न विचारावेत, माणसांना बोलते करावे, एवढेच नव्हे तर केलेले चित्रीकरण त्यांनाच दाखवून त्यांची प्रतिक्रियाही चित्रपटात घ्यावी. एदगार मोरँ यांच्यासह त्यांनी केलेला १९६१ चा ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ असाच आहे. १९६३ मध्ये फ्रान्समधील लिआँ येथे भरलेल्या परिषदेत रूश आणि लीकॉक समोरासमोर आले आणि या दोन भूमिकांचा वाद तिथे चांगलाच रंगला.

आमच्या निपाणीचे उदाहरण देतो. दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘युगांतर’ या समूहाने १९८२ मध्ये निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर मराठीतून एक माहितीपट केला. आदल्याच वर्षी, १९८१ मध्ये, शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन इथे झाले होते आणि त्यात गोळीबारही झाला होता, त्यामुळे निपाणीचे नाव तेव्हा सर्वत्र गाजत होते. पण वखारीत तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बाईची मजुरी, तिचा खोकला आणि तिची संघटना हा वेगळा विषय होता. तो माहितीपट लांबून निरीक्षण करून केलेला नाही, तर त्या बायकांच्या सहभागाने, त्यांच्या अनुभवांवरून घडवलेला आहे. वखारीच्या मालकासमोर ज्या गोष्टी बाई बोलू शकत नाही, त्या केवळ कोपऱ्यात उभे राहून कॅमेऱ्याला कधीच मिळाल्या नसत्या. म्हणून मला वाटते की, नुसते पाहत राहण्याने सत्तेखाली दबलेल्या माणसाचे सगळे सत्य हाती लागत नाही.

---

मार्कंडेयकाठ

निपाणीकर, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य करायला मी तयार आहे, फक्त एक गोष्ट जोडतो. कॅमेऱ्याचा परिणाम होत नाही, असा लीकॉक यांचा आग्रह होता असे मला वाटत नाही. आग्रह हा होता की, आपल्याला काय सापडणार आहे हे आधी ठरवून जाऊ नये. वखारीतल्या बायकांबरोबर बसून, त्यांचे ऐकून मग चित्रपट घडवणाऱ्यांनीही ते आधी ठरवले नव्हते. माझी चूक त्याहून प्राथमिक होती. मी मागाचा अभ्यासक्रम ठरवून गेलो आणि त्या यादीत न बसणारे सगळे मला दिसेनासे झाले.

खानापूरच्या ताई, आपल्या आजींविषयी वाचून वाईट वाटले. गावात त्यांच्या पिढीच्या ज्या कोणी असतील, त्यांच्याजवळ या महिन्यातच बसता आले तर पाहा.

---

शहापूरवासी

‘हॅपी मदर्स डे’चा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण माझ्या मते लीकॉक यांचे सर्वांत टोकदार काम तेच आहे.

सप्टेंबर १९६३ मध्ये अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातल्या अ‍ॅबर्डीन या लहान गावात एका कुटुंबात एकाच वेळी पाच बाळे जन्माला आली. लीकॉक आणि जॉइस चोप्रा चित्रीकरणाला गेले. त्यांना दिसले ते असे की, गावातले प्रतिष्ठित लोक, व्यापारी आणि देशभरातून आलेले वार्ताहर त्या कुटुंबाभोवती आपापला बाजार मांडत आहेत, आणि ज्या बाईने बाळंतपण सोसले ती आपल्याच सत्कारात गप्प आणि अवघडलेली आहे. लीकॉक यांनी कोणावरही टीका केली नाही. त्यांनी बैठकीतली बोलणी, भेटवस्तूंची मांडणी, गावची मिरवणूक आणि त्यात आलेला पाऊस एवढेच दाखवले. दूरचित्रवाणी वाहिनीने त्याच चित्रीकरणातून वेगळा, गोडगोड कार्यक्रम तयार केला, आणि त्याचा प्रायोजक बाळांचे खाद्य विकणारी कंपनी होती. एकाच फितीतून निघालेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की, संकलनाच्या टेबलावर काय घडते ते कळते.

आपल्याकडे बेळगावात १ नोव्हेंबरला हेच घडते. त्याच दिवशी, त्याच शहरात, एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन आणि सायकल फेरी असते. रात्री दोन भाषांतल्या बातम्या पाहिल्या तर दोन वेगवेगळी शहरे आहेत असे वाटावे. गेली कित्येक वर्षे मी त्या दिवशी घोषणा आणि भाषणे यांचेच चित्रीकरण पाहत आलो आहे. पहाटे काळा सदरा इस्त्री करणारा म्हातारा, मुलाला आज बाहेर पाठवावे की नाही यावर घरात चाललेली कुजबुज, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना चहा पाजणारा गाडीवाला मला कोणत्याही चित्रफितीत भेटलेला नाही. ‘प्रायमरी’ची रीत इथे लागू करायची तर कॅमेरा मंचासमोरून उचलून त्या घरात नेऊन ठेवावा लागेल.

---

अप्पा_यळ्ळूर

माझे वय आता ७८ आहे, त्यामुळे यंत्राविषयी मी काही सांगणार नाही. ब्रह्मदेशाचा उल्लेख वाचला म्हणून लिहितो.

माझे वडील मराठा रेजिमेंटमधून ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले होते. पुढे केव्हातरी दूरदर्शनवर त्या युद्धाची जुनी दृश्ये दाखवली, तेव्हा ते पडद्याजवळ खुर्ची ओढून बसले. चित्रे मूक होती आणि वर इंग्रजी निवेदन होते. ते संपल्यावर वडील एवढेच म्हणाले की, तिथे पाऊस कधी थांबत नसे आणि रात्री खेचरांच्या ओरडण्यावरून छावणी कुठे आहे ते कळे. हे त्या चित्रांत कुठेच नव्हते. ती दृश्ये टिपणाऱ्यांजवळ आवाज पकडणारे यंत्र नव्हते, यात त्यांचा दोष नाही. परंतु ज्या तरुणाने त्या रानात तीन वर्षे मुका कॅमेरा फिरवला, त्याने परत येऊन कॅमेऱ्याला आवाज मिळवून देण्यासाठी एवढी धडपड का केली असेल, हे मला आज हा धागा वाचून समजल्यासारखे वाटते.

---

खानापूरची_लेक

अप्पा, तुमच्या वडिलांची ही आठवण तुमच्याच आवाजात कोणीतरी मुद्रित करून ठेवावी, अशी विनंती आहे. मुलांना सांगा, नातवंडांना सांगा.

दादा, लीकॉक यांच्या उत्तरायुष्याविषयीही लिहावे. अशा कामावर पोट भरले का त्यांचे?

---

मार्कंडेयकाठ

ताई, पोट भरणे कठीणच गेले. १९६३ मध्ये ड्र्यू यांच्यापासून वेगळे होऊन लीकॉक आणि पेनेबेकर यांनी स्वतःची कंपनी काढली. संगीतकार स्त्राविन्स्की यांच्यावरचा त्यांचा चित्रपट याच काळातला आहे. ‘मॉन्टेरी पॉप’ या पेनेबेकर यांच्या संगीतपटातही ते कॅमेऱ्यावर होते. पण त्या दशकाच्या अखेरीस कंपनी अडचणीत आली. त्याच सुमारास अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेने त्यांना बोलावले आणि एड पिंकस यांच्यासह त्यांनी तिथे चित्रपटाचा विभाग उभा केला. १९८८ पर्यंत ते तिथे शिकवत होते. रॉस मॅकएल्वी आणि रॉब मॉस यांच्यासारखे पुढे नावाजलेले माहितीपटकार तिथूनच बाहेर पडले.

तिथेही त्यांचा जीव यंत्रात गुंतलेला होता. व्यावसायिक उपकरणे सामान्य माणसाला परवडत नाहीत हे पाहून, घरगुती वापराच्या सुपर-८ फितीवर जुळलेला आवाज मिळवण्याची पद्धत त्यांनी तिथे विकसित केली. चित्रपट करणे ही लेखणी वापरण्याइतकी सर्वांच्या आवाक्यातली गोष्ट व्हावी, हा त्यामागचा ध्यास होता. त्या पद्धतीचा प्रसार त्यांना हवा तसा झाला नाही, कारण तोवर व्हिडिओ येऊन ठेपला होता. पण लीकॉक त्यावर रुसून बसले नाहीत. निवृत्तीनंतर ते पॅरिसला गेले, व्हॅलेरी लालाँद यांची साथ लाभली, आणि दोघांनी घरगुती व्हिडिओ-८ कॅमेऱ्यावर फ्रान्समधल्या रोजच्या जगण्याचा ८४ मिनिटांचा चित्रपट केला. त्याच्या नावातच अर्धवट उकडलेली अंडी आहेत. १९९१ मध्ये तो फ्रेंच दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. म्हणजे केळीच्या मळ्यात सुरुवात करणारा हा माणूस सत्तरीला आला तेव्हा त्याच्या हातात तळहातावर मावणारा, आवाजासकट टिपणारा कॅमेरा होता. २३ मार्च २०११ रोजी, ८९ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. ‘तिथे असल्याची जाणीव’ हेच शब्द त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव म्हणून दिले.

---

निपाणीकर

उत्तम माहिती. एक व्यावहारिक प्रश्न आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात मोबाइलवर माणसाचे बोलणे कसे ऐकू येणार? तिथे तर जवळचा माणूसही ओरडून बोलतो.

---

मार्कंडेयकाठ

खरे आहे, माग सुरू असताना वेगळा माइक जवळ धरूनही शब्द नीट उमटत नाहीत, हे मी मागच्या खेपेला अनुभवले आहे. म्हणूनच त्या घरातली माणसे हातवाऱ्यांनी किती बोलतात, हे यावेळी पाहायचे ठरवले आहे. कांडी संपत आली की मामी मान किंचित कलती करतात आणि मामांना ते पाठमोरे असतानाही कसे कळते, हे मला अजून उलगडलेले नाही.

काल मामींना फोन केला आणि पुन्हा येऊन राहू का, असे विचारले. निवेदन नसेल, काही करून दाखवावे लागणार नाही, आणि नको वाटेल तेव्हा बंद कर म्हणायचे, असेही सांगितले. त्या म्हणाल्या, “ये की. आयतवारी दुपारी यायलास तर बरं, त्या वक्ताला लाइट जातीया.”

येत्या रविवारी जातो आहे. मोबाइल पूर्ण चार्ज करून नेतो.